कुजायचंच आहे, तर कुठेही कुजू दे?

उरलेल्या अन्नाविषयीचा एक लांबलचक मेसेज सध्या या गटातून त्या गटात फिरतो आहे. कोणी लिहिला ठाऊक नाही, पण लिहिणाऱ्याच्या हातात जोर आहे हे मान्य. म्हणणं थोडक्यात असं: शहरांनी उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याच्या आणि वस्तीवस्तीत कंपोस्ट करण्याच्या ज्या योजना काढल्यात, ती सगळी धूळफेक आहे. शिळं अन्न गरिबांच्या गळ्यात मारायचं आणि कोणी आजारी पडलं की देणारा कोर्टात. अन्न कुजायचंच आहे, मग ते डंपिंग ग्राउंडवर कुजलं काय आणि घराशेजारच्या पेटीत कुजलं काय. त्या पेटीपायी वास, माश्या, उंदीर. गोळा करत फिरणाऱ्या गाड्या वाचतं त्याहून जास्त डिझेल जाळणार. लोक कचरा वेगळा करत नाहीत आणि करणारही नाहीत. एवढं करून भूक मिटत नाही ती नाहीच, दुकानदारांची पापं तेवढी धुतली जातात. तेव्हा हे थेर बंद करा, सगळा कचरा जाळा आणि वीज काढा.

यातल्या एका मुद्द्यात बरंच तथ्य आहे, आणखी एक-दोहोंत थोडंथोडं. ते त्या-त्या ठिकाणी सांगतेच. पण मेसेजची मूळ गडबड अशी, की त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच बादलीत ओतल्यात. खाण्याजोगं पण न खपलेलं अन्न ही एक, आणि साली, देठं, ताटातलं खरकटं, नासलेलं ही दुसरी. पहिलीची जागा कोणाच्या तरी पोटात, दुसरीची मातीत. बरी चाललेली कुठलीही योजना आधी मुळात कमी उरेल हे बघते, मग उरलेलं माणसांकडे, तिथे नाही तर जनावरांकडे, त्यानंतर खताकडे किंवा गॅसकडे पाठवते, आणि कचराभूमी सगळ्यात शेवटी. हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला की मेसेजमधली निम्मी वाक्यं लंगडी पडतात.

«शिळं अन्न गरिबांच्या गळ्यात»

गोळा काय केलं जातं ते आधी बघू. दुकान बंद व्हायच्या वेळी उरलेला पाव, खोका चेपला म्हणून फळीवरून उतरवलेली सीलबंद पाकिटं, वाकडी म्हणून कोणी न उचललेली भाजी, माणसं कमी आली म्हणून झाकणही न उघडता राहिलेलं भांडं. ताटात वाढलेलं, टेबलावर उघडं मांडलेलं, चार जणांनी चमचा घातलेलं अन्न शिस्तीची संस्था घेत नाही. पाकिटांवरच्या तारखांचा घोळ वेगळाच. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही चवीची ग्वाही असते, ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही सुरक्षिततेची मर्यादा. पहिली उलटलेलं बिस्किट मऊ पडेल, त्याने कोणी आजारी पडणार नाही. दुसरी उलटलेलं वाटायचंच नसतं.

शिजवलेल्या अन्नाचा धोका मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणूनच शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘पुन्हा एक उकळी आणली की झालं’ हा समज तर घातकच. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगून राहतात, आणि भातासारख्या पदार्थात त्याने एकदा विष तयार केलं की ते पुन्हा गरम केल्याने जात नाही.

आता हे सगळं माहीत असलेली माणसं अन्न कसं घेतात ते बघा. भांडं दारात आलं की पहिला प्रश्न, ‘आचेवरून कधी उतरवलं?’ मग थर्मामीटरची सळी मधोमध आणि खोल खुपसायची, कडेला नाही, कारण कडेचं आधी निवतं. काटा ६० च्या वर हवा, किंवा थंड करून आणलं असेल तर ५ च्या खाली. मधल्या कुठल्याही आकड्यावर अडलं आणि किती वेळ झाला ते देणाऱ्याला धड सांगता येईना, की नमस्कार, घेऊन जा. थंड करायचं असेल तर खोल पातेल्यात तसंच ठेवत नाहीत, उथळ ट्रेमध्ये पसरतात. खोल पातेल्याच्या पोटात गरमी कित्येक तास दबून राहते आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. झाकणावर वेळ लिहिली जाते, वहीत नोंद होते. ‘गळ्यात मारणं’ म्हणतात ते हेच असेल, तर कित्येक घरांच्या फ्रिजपेक्षा इथली शिस्त कडक आहे.

देणारा कोर्टात जाईल हे तर सरळ उलटं. ही भीती खरोखरच होती, म्हणून तर कायदे झाले. अमेरिकेत १९९६ साली बिल इमर्सन यांच्या नावाचा कायदा आला: चांगल्या हेतूने, वरवर पाहता खाण्याजोगं अन्न संस्थेला देणाऱ्यावर दायित्व येत नाही, अपवाद घोर निष्काळजीपणाचा किंवा जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्याचा. इटलीने २००३ मध्ये अन्नदानासाठी असंच संरक्षण दिलं आणि २०१६ च्या कायद्याने दानाची कागदपत्रं सोपी केली. त्याच २०१६ मध्ये फ्रान्स आणखी पुढे गेला. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगं अन्न मुद्दाम नासवायला बंदी झाली आणि ते घेऊ इच्छिणाऱ्या संस्थांशी करार करणं भाग पडलं. नासवणं म्हणजे काय, तर टाकलेल्या अन्नावर ब्लीच ओतायचं, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. मेसेज लिहिणाऱ्याला पापच मोजायचं असेल तर ते इथे मोजावं.

या मुद्द्यात एक दुखणं मात्र आहे, आणि ते मेसेजने ओळखलेलंच नाही. काही देणारे दानाच्या नावाखाली आपला कचराच पाठवतात. पेटीत वर चार बरी फळं आणि खाली चिखल. तो फेकण्याचा खर्च मग संस्थेच्या डोक्यावर. म्हणून घेणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि ते करारात लिहिलेलं पाहिजे. ज्या योजनेत स्वयंसेवक देणाऱ्याच्या मोठेपणापुढे दबतात, तिथे मेसेजमधलं वाक्य खरं व्हायला वेळ लागत नाही.

«इथे कुजलं काय, तिथे कुजलं काय»

हा मुद्दा सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात चुकीचा. कुजणं दोन तऱ्हांचं असतं. हवा लागली तर सूक्ष्मजीव अन्नातल्या कार्बनचा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड करतात, आणि तो कार्बन पिकाने थोड्याच दिवसांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. हवा कोंडली तर वेगळ्या जातीचे जीव कामाला लागतात आणि मिथेन निघतो. हवा तापवण्याच्या बाबतीत मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट आणि शंभर वर्षांच्या हिशेबातही २७ पटीच्या आसपास भारी पडतो. कचराभूमीत थरावर थर चढवून दाबलेल्या कचऱ्यात हवा येणार कुठून?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘तिथे पाइप टाकून गॅस पकडतात की.’ पकडतात, पण अन्न पाइपांची वाट बघत बसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, ऑक्टोबर २०२३ मध्ये हा हिशेब मांडला. तिथल्या कचराभूमीत जाणाऱ्या घनकचऱ्यात अन्न सुमारे २४ टक्के, पण तिथून निसटणाऱ्या मिथेनपैकी अंदाजे ५८ टक्के या अन्नाचा. आणि गाडलेल्या अन्नापासून तयार होणाऱ्या मिथेनपैकी ६१ टक्के गॅसवाहिन्यांच्या हाती लागतच नाही. कागद, लाकूड सावकाश कुजतात. अन्न भराभर कुजतं आणि खड्ड्याचा तो भाग बंद करून यंत्रणा बसेपर्यंत त्याचा बराच गॅस उडून गेलेला असतो. ज्या शहरांत वाहिन्याच नाहीत, तिथला सगळाच उडतो.

कंपोस्ट स्वच्छ असतंच असंही नाही. ढीग चिंब आणि दबलेला असला तर त्याच्याही पोटात मिथेन तयार होतो, वर नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा आणखी एक वायूही. शिवाय खत झालं म्हणून ते अन्न पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल परत येत नाही. म्हणूनच खाण्याजोगं अन्न थेट कंपोस्टला घालणाऱ्या शहराला शाबासकी द्यायचं कारण नाही.

«वास, माश्या, उंदीर»

इथे जरा थांबते, कारण या तक्रारीतला अनुभव खोटा नाही. नाक दाबून जावं लागतं अशा पेट्या असतात. पण वास हा ढिगाचा स्वभाव नव्हे, ते त्याचं दुखणं आहे, आणि कुठलं दुखणं तेही वासच सांगतो. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबट, उग्र वास आला तर हवा कोंडली आहे: ढीग ओला झालाय, दबलाय. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर हवा पुरेशी असेल, पण नायट्रोजन जास्त झालाय. दोन्हींवर औषध एकच, कोरडा माल: सुका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. सूक्ष्मजीवांना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात तो बहुधा १५-२० च्या घरात असतो. नुसता ओला कचरा पेटीत ओतत राहिलात तर वास येणार, यात आश्चर्य कसलं?

ओल बघायला यंत्र लागत नाही. ढिगाच्या आतून मूठभर माल घ्या आणि जोरात पिळा. बोटांतून एखाद-दोन थेंब निघाले तर ठीक. धार लागली तर भुसा घाला. मूठ उघडताच माल भुसभुशीत पडून गेला तर पाणी शिंपडा. नीट रचलेल्या, पुरेशा मोठ्या ढिगाचं तापमान दोन-चार दिवसांत ५५ अंशांवर चढतं. फावड्याने उकललं की वाफ दिसते. बंदिस्त पेटीत सलग तीन दिवस ५५ च्या वर राहिलं की बहुतेक रोगजंतू मरतात. उघड्या लांब ढिगाला हेच साधायला पंधरा दिवस आणि निदान पाच वेळा उलटापालट लागते. ७० च्या वर गेलं तर खत करणारे जीवच मरायला लागतात, म्हणजे पुन्हा उलटा. मग ढीग निवतो आणि पुढचे कित्येक आठवडे मुरतो. हे मुरणं टाळून कच्चं खत झाडांना घातलं तर रोपं पिवळी पडतात आणि लोक म्हणतात, कंपोस्ट वाईट.

उंदरांचं म्हणाल तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. ते पेटीने जन्माला घातलेले नसतात. रात्री रस्त्याच्या कडेला पडलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर त्यांचं आधीपासून उत्तम चाललेलं असतं. पेटीला ६ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक नसलेली धातूची जाळी लावली, तळालाही लावली, झाकण घट्ट बसतं हे पाहिलं आणि प्रत्येक ओल्या थरावर कोरड्या मालाचं जाड पांघरूण घातलं, की उंदीर आणि माशी दोघांचाही मार्ग बराचसा बंद होतो. प्लास्टिकची जाळी लावू नका, ती ते कुरतडतात. मांस, मासे, तेलकट पदार्थ लहान वस्तीपेटीत घालू नयेत, ते मोठ्या प्रकल्पाकडे जावेत. हा नियम कंटाळवाणा वाटला तरी पाळायचाच.

मग पेट्या बिघडतात का? माझ्या मते बहुतेक ठिकाणी कारण एकच. शहर पेटी देतं, फलक लावतं, उद्घाटन होतं, पण कोरडा माल कुठून येणार हे कोणी ठरवत नाही. त्याच शहराचं उद्यान खातं त्याच आठवड्यात झाडून काढलेला पाला गाडीत भरून बाहेर पाठवतं किंवा जाळून टाकतं. दोन खात्यांनी एकमेकांना फोन केला असता तरी निम्म्या पेट्या वाचल्या असत्या. दुसरं कारण माणूस. ढीग उलटणाऱ्याचं काम अंगमेहनतीचं आणि कौशल्याचं आहे, ते ‘स्वयंसेवक करतील’ या भरवशावर किती महिने चालणार? त्याला पगार हवा.

«गाड्या जास्त डिझेल जाळतात»

कचरा आधीही गाडीतूनच जात होता, तोही शहराबाहेरच्या लांबच्या खड्ड्यापर्यंत. ओल्या कचऱ्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे मुख्यतः पाणीच वाहून नेलं जातं. हाक मारण्याच्या अंतरावर कंपोस्ट झालं की हे पाणी वाहायचं बंद होतं. बादली हातगाडीवरून जाते. अर्धी रिकामी वेगळी गाडी रोज दारोदार फिरवली तर डिझेल वाया जाईल हे खरं. त्यासाठी मार्ग आणि वार नीट आखावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

«लोक वेगळं करणारच नाहीत»

इटलीतल्या चौदा लाखांच्या घरातल्या वस्तीच्या मिलान शहराने २०१२ ते २०१४ या काळात एकेक विभाग घेत घरोघरचा अन्नकचरा वेगळा गोळा करणं संपूर्ण शहरभर सुरू केलं. उंच इमारती, दाट वस्ती, सगळं होतं. घरटी एक लहान, जाळीदार डबा आणि कुजणारी पिशवी दिली. जाळीमुळे वाफ निघून जाते, कचरा कमी घाण होतो, ही बारीकशी गोष्ट कामाला आली. हा कचरा वस्तीपेट्यांत न जाता मोठ्या प्रकल्पात जातो, त्यातून आधी गॅस निघतो आणि मग खत. पण वेगळं करणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच.

दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा थेट गाडायला बंदी केली आणि २०१३ पासून जेवढा टाकाल तेवढे पैसे हा नियम देशभर आणला. राजधानी सोलमध्ये कित्येक इमारतींखाली कार्ड दाखवल्यावर झाकण उघडणारे आणि वजन करणारे डबे आहेत. १९९५ च्या सुमारास तिथे जेमतेम २ टक्के अन्नकचरा परत वापरात येत होता, आता ९५ टक्क्यांहून जास्त येतो. लोक एकाएकी सज्जन झाले नाहीत. वजनकाटा आला आणि बिल आलं.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण मेसेजला मिळालेला खरा आधार इथेच आहे. मोठ्या आस्थापनांचा अन्नकचरा गाडायला सर्वांत आधी बंदी घातलेल्या पाच अमेरिकी राज्यांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पाचांपैकी फक्त मॅसॅच्युसेट्समध्ये गाडला जाणारा कचरा खरोखर कमी झाला, सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी. बाकी चार ठिकाणी कायदा कागदावरच राहिल्यासारखा. ‘बघा, हे चालत नाही’ असा निष्कर्ष यातून काढणाऱ्यांनी पुढचं वाचलेलं नसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये कचरा स्वीकारणारी केंद्रं दाट होती, नियम सोपे आणि बिनसवलतीचे होते, आणि तपासणी होऊन दंड होत होता.

एक मात्र खरं. घरात वेगळं केलेलं गाडीत पुन्हा एकत्र होताना माणसाने एकदा पाहिलं, की त्याचा विश्वास उडतो आणि तो सहजी परत येत नाही. दोन कप्प्यांची गाडी येईपर्यंत घरोघरी डबे वाटूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

«भूक मिटत नाही, दुकानदारांची पापं धुतली जातात»

पहिला अर्धा भाग शंभर टक्के मान्य. भूक उत्पन्नाच्या, भाड्याच्या, मजुरीच्या प्रश्नातून येते; दुकानातली उरलेली पाकिटं तो प्रश्न सोडवणार नाहीत, आणि एखादं सरकार ‘आम्ही अन्न वाटतो’ म्हणून बाकी मदतीला कात्री लावत असेल तर त्याला धारेवर धरलंच पाहिजे. आकडेही हेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात, साली-हाडं धरून, १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात घरांचा वाटा ६० टक्के, हॉटेलं-खानावळी-कँटीन यांचा २८ आणि किरकोळ दुकानांचा १२. म्हणजे सगळ्या दुकानांनी सगळं दान केलं, तरी मोठा भाग तसाच राहतो. दुकानाने कमी मागवावं, संध्याकाळी किंमत उतरवावी, घराने कमी शिजवावं, हे दानाच्या आधी येतं.

पण मिटत नाही म्हणून फेकून द्यायचं? मिलानने २०१९ मध्ये वस्तीपातळीवरचं पहिलं अन्नसंकलन केंद्र काढलं. पालिकेने जागा दिली, विद्यापीठाने आखणी केली, सुपरमार्केटं आणि कंपन्यांची कँटीनं अन्न देतात, संस्था जवळच्या जवळ वाटतात. २०२१ मध्ये या कामाला पर्यावरणाच्या कामासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला, तेव्हा एकेक केंद्र वर्षाला सुमारे १३० टन अन्न वाचवत होतं. साधारण दोन लाख साठ हजार जेवणांएवढं. यामागे मोठं यंत्र काहीच नाही. शीतकपाट, गाडी आणि वेळेवर उचलला जाणारा फोन.

अन्न घेणाऱ्याला हात पसरावा लागलाच पाहिजे असंही नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९९१ मध्ये अदलाबदलीची योजना सुरू केली. चार किलो पुनर्वापराजोगा सुका कचरा आणा आणि एक किलो फळं-भाज्या न्या. भाजी आसपासच्या शेतकऱ्यांचा न खपलेला माल. गाडी आत शिरू शकत नाही अशा वस्त्यांतला कचरा लोक स्वतः बाहेर घेऊन येऊ लागले. इथे कोण कोणावर उपकार करतंय ते सांगा.

«सगळं जाळा, वीज काढा»

सत्तर-ऐंशी टक्के पाणी असलेली वस्तू जाळायची म्हणजे आधी ते पाणी उकळवून उडवायचं. त्यात उष्णता खर्च होते, भट्टीचं तापमान पडतं, ते राखायला कधी वरून इंधन द्यावं लागतं आणि अर्धवट जळालेल्या कचऱ्याचा धूर घातक असतो. ओल्या कचऱ्यातला नायट्रोजन आणि सेंद्रिय माल मातीत जाण्याऐवजी चिमणीतून जातो, आणि राखेसाठी पुन्हा जागा शोधावी लागते ती निराळीच. असे प्रकल्प जिथे बरे चालतात तिथे भट्टीत जाणारा माल बऱ्यापैकी कोरडा असतो. तेव्हा मेसेजवाल्यांचा प्रकल्प उद्या खरंच बांधायला घेतला, तरी त्याच्या अभियंत्याची पहिली मागणी हीच असेल, की ओलं आधी घरातच बाजूला काढून द्या.